गाडी चालवायला शिकवा, खेटे घालायला लावू नका

(आष्टी येथील तालुका बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बैठक कापूस-ज्वारीची आणि पहिला विषय मोटारसायकलच्या परवान्याचा, हे पाहून काही मंडळी हसली. हसू द्या. पण आज इथे बैलबंडीने आलेले किती आणि फटफटीने आलेले किती, ते बाहेर मोजून पाहा. युरियाचे पोते गाडीवर, फवारणीचा पंप गाडीवर, वेचणीच्या बायांचा डबा गाडीवर, आजारी माणूस गाडीवर. रानडुकरांपासून पीक राखायला रात्री जायचे तेही गाडीवरच. वखर आणि डवऱ्याइतकेच हे शेतीचे औजार झाले आहे. फरक एवढाच, की वखर चालवायला सरकारचा परवाना लागत नाही.

परवाना देण्याच्या आणि शिकण्याच्या नियमांत गेल्या काही वर्षांत बरेच बदल झाले, आणखी होऊ घातले आहेत. त्यात आपला फायदा कुठे आणि अडवणूक कुठे, हे नीट पाहायला हवे.

आधी दंड पाहू. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात बिनपरवाना गाडी चालवण्याचा दंड ५०० रुपयांपर्यंत होता. २०१९ च्या दुरुस्तीने, १ सप्टेंबर २०१९ पासून, तो ५,००० रुपये झाला. एकदम दहापट! बिनपरवाना माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही वेगळा ५,००० दंड. आता आपला हिशेब करा. २०१९-२० मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता; २०२५-२६ साठी तो ८,११० जाहीर झाला. म्हणजे दीडपटही नाही. हा भाव हाती पडलाच असे धरले, तरी एका पावतीत साठ किलोच्या वर कापूस गेला. शेतमालाचा भाव वाढवताना सरकारचा हात आखडतो, दंड वाढवताना मात्र तो मोकळा सुटतो.

पण भावांनो, दंड हे लहान संकट आहे. मोठे संकट अपघातानंतर येते, आणि त्याची चर्चा गावात होत नाही.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आपल्याला माहीत आहे. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर वारसांना २ लाख रुपये. एक डोळा किंवा एक हात-पाय कायमचा गेला तर १ लाख. पण शेतकरी स्वतः गाडी चालवत असताना अपघात झाला, तर कागदपत्रांत वैध परवाना मागितला जातो. परवाना नसला की प्रकरण अडते. गाडीच्या विम्याचेही तसेच. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, त्यालाही चालू मुदतीचा परवाना ही अट आहे. हप्ता भरलेला, पावती घरात, आणि परवाना नाही म्हणून दावा नामंजूर.

तिसरी गोष्ट तर सात-बारापर्यंत जाते. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली आणि चालवणाऱ्याकडे परवाना नव्हता, तर विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावी, असा हुकूम होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात हा मार्ग मान्य केला आहे. ही वसुली जिल्हाधिकाऱ्यामार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी करता येते. या थकबाकीचा अर्थ शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको.

पोरांच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत शिकाऊ परवानाही नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीचा. तशी लुना आता नवी मिळत नाही. दहावीच्या पोराला शंभर सीसीची गाडी देऊन पंप आणायला धाडणारा बाप काय पणाला लावतो, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

म्हणून आमची पहिली भूमिका स्पष्ट आहे. परवान्याला आमचा विरोध नाही. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७. एकूण मृत्यूंपैकी शेकडा ६८ ग्रामीण भागातले. हे आपलेच लोक आहेत. शिकूनच गाडी चालवावी, हे आम्हाला मान्य आहे. आमचे भांडण आहे ते शिकण्याच्या नावाखाली होणाऱ्या अडवणुकीशी.

आता नव्या नियमांकडे या. ७ जून २०२१ च्या अधिसूचनेने केंद्राने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली, ती १ जुलै २०२१ पासून लागू आहे. अशा केंद्रातून प्रशिक्षण घेऊन जो उत्तीर्ण होईल त्याला परिवहन कार्यालयात पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. ऐकायला चांगले आहे. पण दुचाकीच्या केंद्रालाही किमान एक एकर जागा, चाचणीचा मार्ग, गाडी चालवल्याचा आभास देणारे यंत्र आणि बारावी शिकलेला, पाच वर्षे अनुभवाचा प्रशिक्षक हवा. एवढा पैसा घालणारा माणूस केंद्र कुठे काढील? नागपूर-अमरावतीला काढील. आष्टीला कशाला येईल? मग शहरातला मुलगा घराजवळ शिकून चाचणीतून सुटणार, आणि आमच्या पोराने मजुरी बुडवून वर्ध्याला खेटे घालायचे. इंडियाला सवलत आणि भारताला रांग, हा जुनाच खेळ आहे.

२०२४ च्या मे महिन्यात बातमी पसरली, की १ जूनपासून सरकारी चाचणी बंद, सगळे खाजगी केंद्रातच. केंद्रीय मंत्रालयाला खुलासा करावा लागला, की १ जून २०२४ पासून नियमांत काहीही बदल नाही. म्हणजे केंद्रात जाणे सक्तीचे नाही. थेट चाचणी देण्याचा हक्क कायम आहे. कोणी दलाल ‘आता केंद्राचे प्रमाणपत्र लागतेच’ म्हणून पैसे मागत असेल, तर त्याला हे ऐकवा.

दलालाचा हिशेबही ऐकून ठेवा. एका प्रकारच्या गाडीसाठी केंद्रीय नियमांतली फी अशी: शिकाऊ परवाना १५०, त्याची परीक्षा ५०, चालवण्याची चाचणी ३००, पक्का परवाना २००. एकूण ७०० रुपये. कार्ड आणि टपालाचा खर्च वेगळा. याच्यावर जे काही जाते, ते तुमच्या अडाणीपणाचे भाडे म्हणून दलाल घेतो. शिकाऊ परवाना २०२१ पासून आधारच्या आधाराने घरबसल्या निघतो. चाळिशीच्या पुढच्यांना डॉक्टरचा दाखला लागतो. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने, आणि पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवसांनंतर. चाचणीला मात्र स्वतः हजर राहावे लागते.

आणि शिकाऊ परवाना म्हणजे मोकळे रान नव्हे. गाडीला पुढे-मागे ‘एल’ची पाटी हवी. शिकवणारा परवानाधारक सोडून दुसरे कोणी मागे बसवता येत नाही. शिकाऊ परवान्यावर आईला बाजाराला नेणे हेसुद्धा नियमाबाहेर आहे.

आता चाचणीत काय पाहतात? मैदानात आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, की पास. आमच्या रस्त्यावर आठचा आकडा नसतो. तिथे अंधारात आडवा येणारा रोही असतो, पावसात डांबरावर आलेली काळी माती असते, मागे पोते बांधल्यावर हलके झालेले पुढचे चाक असते. तळेगावला महामार्ग ओलांडताना भरधाव ट्रक असतो. माणसे यात मरतात, आणि यातले काहीच कोणी शिकवत नाही.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही चार मागण्या ठेवतो.

एक. पक्क्या परवान्याची चाचणी तालुक्याच्या गावी व्हावी. परिवहन खात्याची तालुका शिबिरे ही पद्धत महाराष्ट्रात आहेच. आष्टीचे शिबिर ठरलेल्या दिवशी नेमाने भरावे, तारखा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागाव्यात, आणि पेरणी-वेचणीच्या हंगामाबाहेर जास्त दिवस मिळावेत.

दोन. एक एकर जागेची अट आहे ना? हंगाम संपला की बाजार समित्यांची आवारे उन्हाळ्यात मोकळी पडतात. सरकारने तिथे प्रशिक्षण केंद्र चालवावे किंवा शेतकऱ्यांच्या संस्थेला चालवू द्यावे.

तीन. शिकवणीत रात्रीचे चालवणे, ओझे बांधणे, जनावर आडवे येणे आणि महामार्ग ओलांडणे हे विषय असावेत. बायाबापड्यांसाठी वेगळी वेळ आणि शिकवणारी बाई असावी.

चार. पुढे नियम कितीही बदलले तरी, जो घरी शिकला त्याचा थेट चाचणी देण्याचा हक्क काढून घेऊ नये.

सरकारकडे मागायचे ते मागू. पण काही कामाला सरकार लागत नाही. इथून गेल्यावर प्रत्येक गावच्या शाखेने एक वही घालावी. गावात गाड्या किती, परवाने किती, मुदत कोणाची संपली, एवढे लिहावे. मुदत संपून एक वर्ष उलटले तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते, म्हणून जुने परवाने आधी तपासा. मोबाईल चालवता येणाऱ्या पोरापोरींनी एका रविवारी शाळेत बसून गावाचे शिकाऊ अर्ज भरून द्यावेत. ज्याचा हात चांगला आहे त्याने माळावर नवख्यांना शिकवावे, हेल्मेट घालून. आणि ज्या घरात परवाना नाही त्या घरच्या बाईला सांगा, की हा कागद तिच्या हक्काच्या दोन लाखांचा आहे. ती काढायला लावील.

१९४२ साली या आष्टीने हुतात्मे दिले. इथल्या माणसाला कायद्याची भीती घालून कोणी वाकवू शकत नाही. पण ज्या कायद्यात आपल्या लेकराबाळांचा हक्क आहे, तो हातात घेऊन, वाचून वापरायला शिकू या. पुढच्या बैठकीला येताना गावाची वही सोबत आणा. शिष्टमंडळ वर्ध्याला जाईल तेव्हा मागणीच्या कागदाखाली तेच आकडे असतील.