घरातील सामान आणि कल्पक रचनाकार
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



घरातील सामानसुमान या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी समितीची आज्ञा झाली. ज्या व्यासपीठावरून शिष्यवृत्त्या, वसतिगृह, विवाहातील खर्च अशा गंभीर प्रश्नांचा ऊहापोह होतो, तेथे टेबलखुर्च्यांची चर्चा कशाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु नवीन जागा घेतल्यावर तिच्या सजावटीपायी आपण किती पैसा ओततो आणि त्यातले दहा वर्षांनी किती शिल्लक राहते, याचा हिशेब ज्याचा त्याने मांडून पाहावा. म्हणजे हा विषय किरकोळ नव्हे, हे सहज पटेल.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरी सामान थोडे असे. पाट, चौरंग, पेटारा, माजघरातला झोपाळा, ओटीवरची आरामखुर्ची. पाट भिंतीशी उभे केले की जेवणाची जागा निजण्यास मोकळी होई. गावचा सुतार वापरणाऱ्या माणसास ओळखत असे आणि मोडलेली वस्तू पुन्हा त्याच्याच हाती जाई. आता खोल्या उंच इमारतींत गेल्या, सुतार दूर गेला आणि वस्तू चित्रे पाहून निवडल्या जाऊ लागल्या. म्हणूनच ज्यांना इंग्रजीत ‘डिझायनर’ म्हणतात, त्या रचनाकारांचे कार्य समजून घेणे अगत्याचे झाले आहे. त्यासाठी आपल्याच देशातील एक उदाहरण आम्ही थोडे विस्ताराने सांगू इच्छितो.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबास नवी राजधानी उभारावी लागली. ते नगर म्हणजे चंदीगड. १९५१ मध्ये ल कॉर्बुझिए यांच्याबरोबर त्यांचे चुलतबंधू पिएर जानरे हे तेथे आले. कॉर्बुझिए येऊन-जाऊन असत; जानरे मात्र १९६५ पर्यंत तेथेच राहिले. सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालय या साऱ्यांना हजारोंच्या संख्येने खुर्च्या, बाके, टेबले, कपाटे हवी होती. परदेशातून ती आणणे परवडणारे नव्हते. तेव्हा जानरे आणि त्यांचे भारतीय सहकारी, ज्यांत युली चौधरी या कर्तबगार वास्तुशिल्पी होत्या, यांनी येथलेच लाकूड आणि येथलेच हात हिशेबात धरून रचना केल्या.

त्या खुर्चीचा विचार पाहा. लाकूड सागाचे, कारण ते दमट हवेस व किडीस दाद देत नाही. बैठक आणि पाठ वेताच्या विणीची, कारण उन्हाळ्यात तिच्यातून वारा खेळतो आणि वीण तुटली तर तेवढीच पुन्हा विणता येते. पाय भूमितीच्या पेटीतील कंपास उघडून धरावा तसे, वर एकत्र आलेले आणि खाली फाकलेले. त्यामुळे भार दोन्हींकडे वाटला जातो आणि खुर्ची डगमगत नाही. कोरीव नक्षी कोठे नाही. साध्या कारखान्यातील सुतारास सामान्य हत्यारांनी करता येईल एवढेच काम तिच्यात ठेवले आहे. निरनिराळ्या कारखान्यांत त्या झाल्या म्हणून मापांत थोडाफार फरक दिसतो. पण मूळ विचार कोठेही बिघडत नाही.

पुढे काय झाले? वर्षे लोटली, वेत फाटला, लोखंडाच्या आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. जुन्या खुर्च्या गच्चीवर, व्हरांड्यात, आवारात ढिगाने पडल्या आणि सरकारी लिलावांत मोडीच्या भावाने गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या, आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत त्यांस लाखो रुपयांचे मोल आले. एमी सीगल या अमेरिकन कलावतीने २०१३ मध्ये ‘प्रोव्हेनन्स’ नावाचा चित्रपट करून, धनिकांच्या दिवाणखान्यांपासून मागे मागे जात, हा सारा प्रवास चंदीगडपर्यंत दाखविला. त्यापूर्वीच, २०११ मध्ये, केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारशाच्या विक्रीस मनाई केली होती. परंतु तोवर पुष्कळ माल देशाबाहेर गेला होता.

या कथेतील एक गोष्ट आमच्या मनास विशेष लागते. त्या खुर्च्यांवर खात्याचे नाव आणि क्रमांक रंगाने घातलेले असत. परदेशात तीच अक्षरे अस्सलपणाची खूण ठरली आणि त्यांनी किंमत वाढविली. पण ज्याने रंधा मारला आणि ज्याने वेत विणला, त्याचे नाव त्या अक्षरांत नाही. रचनाकाराचे नाव जगभर झाले. कारागीर अनामच राहिला.

या दोघांची सांगड घालण्याचा विचार आपल्या देशात झालाच नाही, असे मात्र नव्हे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन रचनाकार दांपत्य देशभर हिंडले आणि १९५८ मध्ये त्यांनी आपला अहवाल सादर केला. त्यात त्यांनी विशेष गौरव केला तो आपल्या साध्या लोट्याचा. पाणी किती मावते, उचलताना तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, घासणे किती सोपे, या साऱ्यांचा विचार पिढ्यान् पिढ्या होऊन त्या भांड्यास आकार आला, हे त्यांनी ओळखले. १९६१ मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाईन संस्था निघाली आणि १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक रचनेचे केंद्र सुरू झाले. अहमदाबादच्या संस्थेतील एम. पी. रंजन यांनी ईशान्य भारतातील बांबू व वेताच्या कामाचा अभ्यास ग्रंथरूपाने मांडला. संदीप संगारू यांनी बांबूच्या कामट्या पुलाच्या कैचीप्रमाणे त्रिकोणांत जोडून हलके पण भक्कम सामान घडविले. बांबू गरिबाच्या झोपडीचा, ही समजूत अशा कामांनी खोटी पाडली आहे.

बंधुभगिनींनो, कल्पकता म्हणजे चमत्कारिक आकार नव्हे. माणसाचे शरीर, हवापाणी, हाताशी असलेले साहित्य आणि कारागिराचे कसब या चारांचा मेळ जो घालतो, तो कल्पक. एवढे ध्यानी घेतले म्हणजे आपणां कुटुंबीयांस करता येण्याजोग्या तीन गोष्टी आम्ही सुचवितो.

पहिली, वस्तू घेताना ती दुरुस्त होईल काय, हे विचारावे. भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे कपाट वरून कितीही झकपक असले, तरी पाणी लागले की फुगते आणि एकदा निसटलेला स्क्रू त्यात पुन्हा धड बसत नाही. दुसरी, घरातील जुनी आरामखुर्ची वा पेटारा भंगारात देण्याआधी एखाद्या जाणत्या सुतारास दाखवावा. पुष्कळदा नवा वेत आणि थोडे पॉलिश एवढ्याने तो आणखी एक पिढी टिकेल. तिसरी, नवीन वस्तू करून घ्याल तेव्हा तिच्या तळाशी लाकूड कोणते, वर्ष कोणते आणि घडविणारा कोण, हे लिहून ठेवावे. चंदीगडात जे राहून गेले, ते आपल्या घरात तरी राहू नये.

एक विनंती पालकांस. एखाद्या मुलास वा मुलीस चित्रकलेची आणि हातकामाची ओढ असेल, तर ‘यात पोट भरणार नाही’ म्हणून तिला दडपू नका. रचनेचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणाऱ्या संस्था आज देशात आहेत. मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या यादीत या शिक्षणाचाही अंतर्भाव व्हावा, अशी सूचना आम्ही समितीपुढे नम्रपणे ठेवतो.