बीटेकनंतर इतिहासात एमए : कशासाठी, कसं आणि पुढे काय?

मागच्या भागात मी जाता जाता बोलून गेलो की नोकरी करत करत मी इतिहासात एमए करतोय, आणि तेव्हापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय. "दादा, एमपीएससीची तयारी चाललीय का?" नाही रे बाबांनो. एमए करतोय ते इतिहास शिकायला. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून आजचा अख्खा भाग त्यावरच.

आधी व्यवहाराचं बोलू. मी इग्नूमधून करतोय. इग्नू म्हणजे 1985 साली सुरू झालेलं केंद्र सरकारचं मुक्त विद्यापीठ. तिथे इतिहासाच्या एमएला कुठल्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकतो, बीटेकवालाही. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. स्वाध्यायांना 30 टक्के वजन, लेखी परीक्षेला 70. इग्नूचा हिशेब असा की एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास. आठ श्रेयांकांचा एक पेपर म्हणजे 240 तास. रोज एक तास दिलात तर एका पेपरला आठ महिने. ऑफिसमध्ये रिलीजचा आठवडा असला की तो एक तासही मिळत नाही, मग शनिवार-रविवार त्यात जातो. आणि पेपर तीन तास हाताने लिहायचा असतो. इतकी वर्षं कीबोर्ड बडवल्यावर दुसऱ्या तासाला बोटं अक्षरशः संपावर जातात.

आता मुख्य मुद्दा. एमएला नेमकं शिकतो काय? सनावळ्या? त्या तर फोनमध्ये दोन सेकंदांत सापडतात. अभ्यासक्रमात एक पेपर आहे, इतिहासलेखनाचा. इतिहास कोणी लिहिला, कशाच्या आधारावर लिहिला आणि कोणासाठी लिहिला, हा त्याचा विषय. आपल्यातल्या कोड लिहिणाऱ्यांना हे पटकन कळेल. एखादी ओळ विचित्र दिसली की आपण आधी काय बघतो? ती कोणी टाकली, कधी टाकली, आणि तेव्हा तो कुठल्या कामात होता. इतिहासात हेच करायचं, फक्त ओळ दोनशे वर्षं जुनी असते आणि लिहिणारा उत्तर द्यायला जिवंत नसतो.

एक उदाहरण देतो, आपल्या सगळ्यांच्या जवळचं. छत्रपती संभाजी महाराज. त्यांची एक बेजबाबदार, व्यसनी अशी प्रतिमा मराठी नाटकांतून, कादंबऱ्यांतून बरीच वर्षं चालत आली. ती आली कुठून? त्यामागचा एक मोठा स्रोत म्हणजे मल्हार रामराव चिटणीसांची बखर. ती लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. महाराजांची हत्या झाली 1689 मध्ये. म्हणजे मध्ये शंभराहून जास्त वर्षं गेली. पहिला प्रश्न इथेच पडतो : यांना हे कळलं कसं?

दुसरा प्रश्न, लिहिणारा कोण? हे चिटणीस बाळाजी आवजींच्या घराण्यातले. बाळाजी आवजी म्हणजे शिवाजी महाराजांचे चिटणीस, आणि त्यांना संभाजी महाराजांच्या काळात देहदंड झाला. तेव्हा या घराण्यातला माणूस संभाजी महाराजांबद्दल लिहितो तेव्हा तो तटस्थ असेल का, अशी शंका अभ्यासकांनी घेतली. पण नुसती शंका घेऊन काम संपत नाही. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षं त्या काळची कागदपत्रं धुंडाळली आणि 1960 मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. पुढे डॉ. कमल गोखल्यांनीही याच विषयावर ग्रंथ लिहिला. जुनं चित्र बदललं ते अशा कामामुळे.

मग बखर फेकून द्यायची का? अजिबात नाही. ती संभाजी महाराजांबद्दल कमी आणि ज्या काळात लिहिली गेली त्या काळाबद्दल जास्त सांगते, एवढं लक्षात ठेवून वाचायची. आणि हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे बरं का. बदनामी करणाऱ्या मजकुराला पुरावा मागायचा आणि गौरव करणारा फॉरवर्ड मात्र डोळे झाकून पुढे ढकलायचा, असं चालत नाही. मला एमएने दिलेली सगळ्यात अवघड सवय हीच. आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीलाही विचारायचं, "तुझा कागद कुठाय?"

कागदांवरून आठवलं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. मोडीतले कागद कापडात बांधून ठेवलेले, त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात. गो. स. सरदेसायांनी 1930 च्या दशकात त्यातले निवडक कागद 45 खंडांत छापले. 45 खंड, आणि ते फक्त निवडक! बाकीचं वाचायला मोडी येणारी माणसं हवीत. मी मोडी शिकायला घेतलीय. सध्या वेग मिनिटाला अर्धी ओळ. हसू नका.

आता पैशाचं बोलू, कारण घरी आणि इनबॉक्समध्ये सगळे शेवटी तिथेच येतात. पूर्ण वेळ पीएचडी करायची तर पगार जाणार. मोठा आधार म्हणजे यूजीसी-नेटमधून मिळणारी जेआरएफ. जानेवारी 2023 पासून ती पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि त्यानंतर 42,000 आहे, घरभाडं वेगळं. पण खुल्या प्रवर्गातल्या मुलांना वयाची अट 30. मुलींना आणि आरक्षित प्रवर्गांना पाच वर्षांची सूट आहे. एमएला खुल्या प्रवर्गात 55 टक्के लागतात, त्यामुळे इग्नूचे पास होण्यापुरते 40 मिळवून भागत नाही. मी आता 28 चा आहे. नेट वर्षातून दोनदा होते. म्हणजे माझ्या हातात साधारण चार प्रयत्न. सेटला वयाची अट नाही, पण तिच्यात फेलोशिपही नाही. आणि सेट-नेट होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे प्राध्यापक आपल्या आजूबाजूला आहेत. हे न सांगता तुम्हाला "पॅशन फॉलो करा" म्हणणं मला जमणार नाही.

यात एक आडवाट आहे. 2024 पासून चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर एमए न करताही पीएचडीसाठी नेट देता येते, विषय कुठलाही घ्या. म्हणजे नियमाप्रमाणे बीटेकवाला थेट इतिहासात पीएचडीला जाऊ शकतो. मला विचाराल तर जाऊ नका. मघाशी बखरीला विचारले ते प्रश्न विचारायला एमएच शिकवतं. ते न शिकता संशोधनात उतरलात तर हातात मोडीचा रुमाल येईल आणि त्याचं काय करायचं ते कळणार नाही.

माझं ठरलंय ते असं. एमए नोकरी सांभाळून पूर्ण करायचं, चारही प्रयत्न द्यायचे. जेआरएफ मिळाली तर राजीनामा. नाही मिळाली तर नोकरी चालू, आणि शनिवार मोडीचा. आईला दुसरा पर्याय आवडलाय, बाबा अजून बोलत नाहीयेत.

तुम्हाला नुसती चव घ्यायची असेल तर प्रवेशही नको, पैसेही नकोत. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोशावर फुकट आहेत. इतिहासलेखनाच्या पेपरचं पहिलं प्रकरण उतरवून घ्या आणि लोकलमध्ये किंवा पीएमटीत वाचा. आवडलं तर मला कळवा, कंटाळा आला तरी कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!