प्रभुभोजन : पंगत आणि पाठवणी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांच्या वर्गात सर्व धर्मांची मुले एकाच बाकावर बसत असत. त्यामुळे ख्रिस्ती उपासनेच्या गाभ्याविषयी बोलण्यास हे व्यासपीठ मला परके वाटत नाही. भाकर मोडून ती द्राक्षारसाच्या प्याल्यासह ग्रहण करण्याचा जो विधी, त्याला प्रोटेस्टंट मंडळी प्रभुभोजन म्हणतात. गोव्याचे व वसईचे कॅथलिक त्याला मिस्सा म्हणतात. पहिल्या नावात पंगत आहे. दुसरे नाव पोर्तुगीजांबरोबर आले असले तरी मुळात लॅटिन, आणि त्याचा अर्थ निरोप, पाठवणी. विधीच्या अखेरीस लोकांना निरोप देणाऱ्या वाक्यातील तो शब्द आहे. साऱ्या उपासनेला तिच्या शेवटच्या क्षणाचे नाव मिळावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. (त्या क्षणी आपले लक्ष बहुधा चपलांकडे असते, ही गोष्ट वेगळी.)

या भोजनाचा सर्वांत जुना लेखी वृत्तांत संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. ते पत्र इ. स. 54-55 च्या सुमाराचे. पौलाने तो वृत्तांत सांगितला तो धर्मतत्त्व समजावण्यासाठी नव्हे, संतापाने सांगितला. त्या काळी विधीबरोबर खरेखुरे जेवण असे. सुखवस्तू लोक आपला शिधा घेऊन आधी जेवून घेत. ज्यांच्याजवळ काही नाही ते उपाशी राहत. उशिरा येणारे हे लोक गुलाम व मजूर असावेत, असे अभ्यासक मानतात. एक उपाशी आणि दुसरा मद्याने धुंद, हे पाहून पौल म्हणतो, की तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच. या अपराधाला मराठीत नेमका शब्द आहे : पंक्तिभेद. तो शब्द ज्याला कळतो त्याला करिंथचे भांडण भाष्याशिवाय कळते.

आणि तो अपराध करिंथपुरता राहिला नाही. आपल्याच देशात, दक्षिणेतील मंडळ्यांत, बाप्तिस्मा घेतलेली माणसे जातीप्रमाणे वेगळी बसत आणि प्रभूचा प्यालाही आधी कोणी घ्यावा याचा क्रम पाळत. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी हा भेद ताबडतोब व कायमचा सोडण्याचा आदेश काढला, तेव्हा अनेकांनी मंडळी सोडली. जात सोडली नाही. काल्याच्या प्रसादाला भेद नसतो असे वारकरी परंपरा सांगते. त्या परंपरेत वाढलेल्या शेजाऱ्यांसमोर आम्ही ख्रिस्ती लोकांनी हा इतिहास झाकून ठेवू नये.

विधी आणि सेवा यांचा सांधा आरंभी किती घट्ट होता, हे दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिनच्या वर्णनावरून दिसते. रविवारी सारे जमत; भाकर वाटली जाई; जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी डीकन ती पोहोचवीत. ज्यांना शक्य असे ते स्वेच्छेने देणगी देत, आणि तीतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परगावचे पाहुणे यांची सोय होई. डीकन या ग्रीक शब्दाचा अर्थच सेवक, पंगतीत वाढणारा.

मग कोणी विचारील, सेवाच करावी, विधी कशाला? हा प्रश्न प्रामाणिक आहे, पण मला तो पटत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या रात्री भाकर मोडल्याचे वर्णन नाही. त्या जागी येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पेत्र नकार देतो. पाय धुणे सोपे, धुवून घेणे कठीण! नुसता दाता नेहमी वाढणाऱ्याच्या बाजूला उभा असतो. या पंगतीत मात्र त्यालाही हात पसरावा लागतो, तेही शेजारच्या मोलकऱ्याबरोबर. ही सवय गेली की सेवेत मेहेरबानी शिरते.

अलीकडचे एक उदाहरण थोडे विस्ताराने सांगतो. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या लहानशा देशात जमीन मूठभर घराण्यांच्या हाती होती. आगिलारेस येथील जेझुइट धर्मगुरू रुतिलिओ ग्रांदे शेतमजुरांत काम करीत. ही सृष्टी म्हणजे सर्वांसाठी मांडलेले एक लांब मेज आहे व प्रत्येकाला तेथे बसायला जागा आहे, असे ते प्रवचनात सांगत. 12 मार्च 1977 रोजी एका वृद्धासह व एका मुलासह त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. ऑस्कर रोमेरो त्या वेळी नुकतेच सान साल्वादोरचे आर्चबिशप झाले होते. स्वभावाने भिडस्त, पुस्तकी म्हणून ओळखले जाणारे. त्यांनी ठरविले की 20 मार्चच्या रविवारी साऱ्या धर्मप्रांतात एकच मिस्सा होईल, कॅथेड्रलमध्ये. बाकी सर्व चर्चमधील मिस्सा रद्द. पोपच्या राजदूतांना हे रुचले नाही. श्रीमंतांच्या घरगुती प्रार्थनागृहांतील सोयही त्या दिवशी बंद झाली. ज्याला मिस्सा हवी त्याला शेतमजुरांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहावे लागले. पौलाने करिंथकरांना पत्राने जे सांगितले, ते रोमेरोंनी एका आदेशाने घडवून आणले.

पुढची तीन वर्षे ते दर रविवारच्या प्रवचनात त्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची व नाहीशा झालेल्यांची नावे वाचीत असत. ते प्रवचन रेडिओवरून खेडोपाडी ऐकले जाई. 23 मार्च 1980 रोजी त्यांनी सैनिकांना उद्देशून सांगितले, की आपल्याच शेतकरी बांधवांना मारण्याचा हुकूम पाळण्यास तुम्ही बांधलेले नाही. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, कर्करोगग्रस्तांच्या रुग्णालयातील लहानशा प्रार्थनागृहात मिस्सा चालू असताना त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. प्रवचन संपले होते. भाकर व द्राक्षारस अर्पण करण्याची वेळ होती. 30 मार्चला त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेच्या वेळी चौकात स्फोट व गोळीबार झाला, चेंगराचेंगरीत माणसे मेली, आणि पार्थिव घाईघाईने कॅथेड्रलमध्येच पुरावे लागले. 2018 साली चर्चने त्यांना संत म्हणून घोषित केले. पण त्या दोन्ही मिस्सा अपुऱ्याच राहिल्या. त्यांतली पाठवणी कोणी उच्चारली नाही.