नावाआधीची दोन अक्षरं

एप्रिल २०२३मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी आपल्या विभागाच्या सचिवांना पत्र लिहिलं. विधवांच्या नावाआधी ‘गंगा भागीरथी’ लावण्याबाबत चर्चा करून प्रस्ताव तयार करा, असं त्यात होतं. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आलं, तसं इथेही व्हावं, हा विचार. टीकेची झोड उठली, तेव्हा हा निर्णय नाही, नुसती चर्चा आहे, असा खुलासा झाला.

असा वाद निघाला की ‘हल्ली काही बोलायचीच सोय उरली नाही’ म्हणणारे पुढे सरसावतात. अहो, ‘गं. भा.’ काय हल्लीचं आहे? लग्नपत्रिका छापणाऱ्याला विचारा. थोरल्या नातवाची जुनी पत्रिका नमुना म्हणून दिलेली असते. मधल्या काळात आजोबा गेलेले असतात. प्रूफ आलं की घरातलं कुणीतरी आजीच्या नावाआधीचं ‘सौ.’ लाल पेनानं खोडून वर ‘गं. भा.’ लिहितं. आजीला कुणी विचारत नाही. तेच आजी आधी गेल्या असत्या, तर आजोबांचं ‘श्री.’ जागच्या जागी राहिलं असतं.

बरणीवरची चिठ्ठी आत काय आहे ते सांगते: मेतकूट, भाजणी, साखर. नावाआधीची ही चिठ्ठी मात्र शेजारची बरणी फळीवर आहे की नाही, ते सांगते! ती सुवाच्य अक्षरात लिहा, सोनेरी शाईनं लिहा. या बरणीत काय आहे ते कळतच नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये वेगळ्या टोकापासून सुरुवात केली. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद, असा ठराव केला. नवं नाव शोधत बसले नाहीत. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं.

याचा अर्थ शब्द बदलू नयेत असा मुळीच नाही. काहीजणी ‘गं. भा.’ स्वतःहून, मानानं लावतात. त्यांनी खुशाल लावावं. पण पुन्हा सांगायला हवं, कारण नेमकं हेच निसटतं: आदर म्हणून द्यायचं, तर जिला द्यायचं तिला आधी विचारा. ‘श्रीमती’ आहेच की हाताशी, नवऱ्याची चौकशी न करणारं.

घटस्फोटितांना आणि नवऱ्यानं टाकलेल्यांना तर पत्रिकेत काय लिहायचं, यावरच घराघरांत कुजबुज चालते. त्यांच्याबद्दल बरंच बोलायचं होतं, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली आहे.