समुद्राचा खरीप आणि रब्बी



बाजारात बांगडा आला, तारली आली, की आपण भाव विचारतो. पण हा मासा काय खाऊन वाढला, हे कोणी विचारीत नाही. आज तेच सांगायचे आहे.

गाईला चारा लागतो, तसा माशालाही लागतो. मोठा मासा लहान माशाला खातो, हे खरे. मग लहान मासा काय खातो? त्याहून लहान जीव. असे उतरत उतरत गेलो, की शेवटी वनस्पतीच हाती लागते. जमिनीवर तसे, समुद्रातही तसेच.

समुद्रातली ही वनस्पती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. तिला मूळ नाही, खोड नाही, पान नाही. पाण्यात तरंगणारा एकेक कण, बस्स. शास्त्रज्ञ तिला वनस्पती-प्लवक म्हणतात. प्लवक म्हणजे तरंगणारे. आपण आपले समुद्राचे गवत म्हणू. यातल्या एका जातीला काचेच्या डबीसारखे कवच असते. हंगामात लोटाभर पाण्यात असे लाखो कण असतात. अनुकूल वेळ आली की एका दिवसात एकाचे दोन होतात. पाढे येतात त्यांनी हिशेब करून बघा. दहा दिवसांत एकाचे हजारावर जातात! जगातल्या सगळ्या वनस्पती मिळून जो प्राणवायू सोडतात, त्यातला सुमारे निम्मा या बारीक कणांचा आहे.

पण हे गवत बारमाही सारखे वाढत नाही. कारण गवताला ऊनही पाहिजे आणि खतही पाहिजे. शेतात ऊन वर आणि खत मुळाशी, दोन्हींत वीतभर अंतर. समुद्रात तसे नाही. ऊन वरच्या थरातच पोचते, शंभर-दोनशे मीटर खाली गेले की काळोख. जे जीव मरतात ते खाली जातात, तिथे कुजतात, आणि त्यांचे खत तिथेच साठते. वरचे पाणी ऊबदार आणि हलके, खालचे थंड आणि जड. हलके पाणी जड पाण्यावर झाकणासारखे बसते. म्हणजे बघा, ऊन वर, खत खाली, आणि मध्ये झाकण!

हे झाकण वारा उघडतो.

आपल्याकडे मोसमी पाऊस आणणारा वारा आधी आफ्रिकेच्या सोमालिया देशाच्या किनाऱ्याकडेने वाहतो. जून ते सप्टेंबर तो तिथे फार जोरात असतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्ताच्या उत्तरेला वरचे पाणी वाऱ्याच्या उजव्या अंगाला सरकते. तिथे उजवे अंग म्हणजे भर समुद्र. किनाऱ्याजवळचे पाणी असे दूर गेले, की ती जागा भरायला खालचे थंड पाणी वर येते, आणि आपल्याबरोबर खत घेऊन येते. विषुववृत्ताजवळचा तो प्रदेश, तरी तिथले पाणी जुलै-ऑगस्टात कधी कधी २० अंशांच्याही खाली जाते. मग गवताला असा काही बहर येतो, की समुद्राचा निळा रंग हिरवट होतो. तिथला प्रवाह मोठा नवलाचा आहे. उन्हाळी मोसमात तो उत्तरेकडे धावतो, माणूस झपझप चालेल त्याहून वेगाने. हिवाळ्यात उलटा फिरून दक्षिणेकडे जातो. नदी कधी उलटी वाहिलेली पाहिली आहे का कोणी?

आपल्या बाजूला हीच गोष्ट थोडी सौम्य होते. पावसाच्या सुरुवातीला केरळाकडे खालचे पाणी वर येऊ लागते, मग ते हळूहळू उत्तरेला गोव्यापर्यंत सरकते. हा समुद्राचा खरीप. याच दिवसांत तारली, म्हणजे आपले पेडवे, अंडी घालते. पिल्लांना डोळे उघडताच चारा तयार! तारली हे गवत थेट खाते, म्हणून तिची वाढ झपाट्याने होते.

रब्बीही आहे बरं का. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडून कोरडा गार वारा येतो. गुजरातच्या पलीकडच्या समुद्रात वरचे पाणी थंड होऊन जड होते आणि खाली बसते. ही घुसळण झाली की खत वर येते. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या रब्बीत एक तण माजले आहे. नॉक्टिलुका त्याचे नाव. रात्री लाट फुटल्यावर निळसर उजेड दिसतो, तो पुष्कळदा याचाच. बघायला छान, पण ते फारसे कोणी मासे खात नाहीत.

गवत कुठे उगवले हे आता आकाशातून कळते. भारताने २६ मे १९९९ रोजी ओशनसॅट नावाचा उपग्रह सोडला. तो समुद्राचा रंग पाहायचा. आता त्याच्या पुढचे उपग्रह ते काम करतात. हैदराबादच्या सरकारी केंद्रातून मच्छीमारांना खबर मिळते, की अमुक ठिकाणी मासा असण्याचा संभव आहे.

खबर मिळाली तरी मासा हवा ना! केरळात २०१२ साली जवळजवळ ४ लाख टन तारली मिळाली. २०२१ साली मिळाली साडेतीन हजार टनांहूनही कमी. किती घरांच्या चुली विझल्या असतील! पाणी फार तापले, खालचे पाणी नीट वर आले नाही, की चारा कमी पडतो. त्यावर आपला इलाज नाही. पण उरलेल्या पिल्लांवर बारीक आसाचे जाळे टाकणे, हे तर माणसाच्याच हातचे.

म्हणून आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते. काही जण कुरकुरतात, की हे सरकारचे नवे खूळ. पण आपला कोळी तर पूर्वीपासून नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच होडी पाण्यात लोटतो. केरळाने आणखी एक नियम केला आहे. १० सेंटिमीटरहून लहान तारली पकडायची नाही. १० सेंटिमीटर म्हणजे साधारण आपल्या चार बोटांची रुंदी आणि वर थोडे. एवढीशी पिल्ले माणसाच्या ताटात फारशी येतही नाहीत. ती भुकटीच्या कारखान्यात जातात, आणि तिथून पोत्यांत भरून कोंबड्यांच्या खाद्याला.