दम्याशी संसार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि भाषणाची ही पहिलीच वेळ. पण दम्याचा विषय निघाला तेव्हा चालकबाई म्हणाल्या, "डॉक्टरांचे ऐकतोच, तुम्ही घरातले सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

लहानपणापासून माझी छाती वाजे. लग्न ठरताना आईने बजावले, "सासरी बोलू नकोस." मी बोलले नाही. डॉक्टरांनी दिलेला पंप शेवयांच्या डब्यात ठेवी. धाप लागली की मोरीत जाऊन ओढायचा, मोकळे वाटले की पुन्हा डब्यात. अशी अकरा वर्षे काढली.

एका आषाढात पंधरा दिवस उन्हाचे दर्शन नव्हते. कपडे घरातच वाळत होते, भिंतीला बुरशी धरली होती. पहाटे तीनला जाग आली ती श्वास कोंडूनच. डबा काढला तर पंप रिकामा! तोंडातून शब्द फुटेना. सासूबाईंनी मला आडवे होऊ दिले नाही, उशा लावून बसवले. शेजारच्या वहिनींनी रिक्षा आणवली. दवाखान्यात ऑक्सिजन आणि औषधाची वाफ दिली, तेव्हा जीव खाली आला. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, माझ्या बहिणीलाही होता की दमा."

तिथे डॉक्टरांनी विचारले, "रोजचा पंप कुठे आहे?" मला वाटे, पंप एकच असतो. त्यांनी समजावले, की दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते, भोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साचतो. तात्पुरत्या पंपाने स्नायू सैल होतात, सूज तशीच राहते. मोरी तुंबल्यावर काठी घालून पाणी तेवढे काढावे आणि गाळ तसाच ठेवावा, तसे माझे चालले होते. सूज उतरवणारे औषध वेगळे. ते बरे वाटत असतानाही रोज घ्यायचे. हल्ली काहींना दोन्ही औषधे एकाच पंपात देतात.

त्यात स्टेरॉइड असते हे ऐकून मी दचकले. पण हे माप मायक्रोग्रॅमचे, आणि एका मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम होतात 1000! शिवाय औषध थेट छातीत जाते. सवय लागते हाही गैरसमजच. ओढून झाल्यावर चूळ मात्र भरावी, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे उठतात. माझे अर्धे औषध वर्षानुवर्षे जिभेवरच पडत होते. आता स्पेसरचे नळकांडे लावते, सावकाश ओढते आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरते.

हैदराबादेला मृगाच्या सुमारास जिवंत मासा गिळवतात, कोजागरीला कुठे कुठे औषधाची खीर देतात. जाणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. मात्र त्यापायी पंप बंद करू नये.

घरात कोरडा केर आता मुलगा काढतो, मी ओले फडके फिरवते. चादरी आठवड्याला गरम पाण्यात. डंकावर चटणी करायला जाऊबाई जातात. पण ज्याचे त्याचे कारण निराळे असते. मला बुरशी आणि धूर सोसत नाही, भाचीला मांजर. हळदीकुंकवाला बंद खोलीत उदबत्त्या, धूप, अत्तर एकदम सुरू झाले की मी जिन्यात जाऊन बसे. राजारामपुरीत काही जणी मला गर्विष्ठ म्हणत, हे मला ठाऊक आहे! यंदा धूप गच्चीवर ठेवावा, एवढी मंडळाला विनंती.

आणि औषध घेऊनही धाप उतरत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नये. लागलीच दवाखाना गाठावा.

आता माझा पंप फ्रीजवर, किल्ल्यांशेजारी असतो. मुलीलाही थोडा दमा आहे. तिच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, आणि आम्ही पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. एक स्थळ परत गेले. दुसरी मंडळी रविवारी यायची आहेत.

स्पेसर पिशवीत आणला आहे. ओढण्याची रीत पाहायची असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावे. एवढे बोलून आपली रजा घेते.