‘जॉज’: भीती नक्की कुणाची?

आज पीटर बेंचलीची १९७४ची कादंबरी ‘जॉज’. स्पीलबर्गचा सिनेमा आधी पाहिलेले वाचक हमखास कुरकुरतात: अरे, यात जीव लावावा असं कुणीच नाही! पोलीसप्रमुख ब्रोडीच्या बायकोचं हूपरशी लफडं, महापौर गुंडांच्या पैशात अडकलेला. मला तर पुस्तकाची ताकद तिथेच दिसते. ॲमिटी गाव उन्हाळ्यातल्या पर्यटकांवर जगतं, म्हणून पहिला मृत्यू दडपून किनारा खुला ठेवतात. शार्क नुसता भुकेला, हिशेब माणसांचा. तरी वाचकांनी धसका घेतला तो शार्कचाच. पुढे बेंचली स्वतःच कितीतरी वर्षं शार्क वाचवा म्हणून सांगत राहिला. वाचा, आणि तुम्हाला कुणाची भीती वाटली ते कळवा. भेटू पुढच्या भागात!